औलीतली दहीसाखर

दही काही लागलं नव्हतं. सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू रात्रभर त्या दह्याची राखण माझ्याकडे दिली होती. तशी ती थोडीफार होतीही. डब्याभोवती गुंडाळलेली माकडटोपी माझी होती, आणि ती दह्याला दिल्यामुळे माझे कान पहाटेपासून कोणाचे तरी उसने आणल्यासारखे झाले होते.

"निम्मं लागलंय," त्या म्हणाल्या. "चालेल."

"आई, इथे नळातलं पाणी गोठलंय. दही कुठून लागणार?"

"ऊब दिली की दही कुठेही लागतं. टोपी पातळ आहे तुमची."

टोपीवरचा हा आरोप मी मुकाट्याने घेतला. जोशीमठाच्या वर, औलीत, बर्फाने वेढलेल्या लॉजच्या खोलीत बसून, खालच्या ढाब्यावरून विरजण मागून आणून दही लावणाऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेही कोणासाठी, तर जिची परीक्षा होती तिच्यासाठी. आणि ती, म्हणजे माझी बायको हेमांगी, उजाडायच्या आधीच स्की खांद्यावर टाकून वर निघून गेली होती. दह्याची वाट न बघता.

"आता वर जाऊन द्यावं लागेल," सासूबाई म्हणाल्या आणि साखरेची पुडी पदराच्या टोकाला बांधू लागल्या.

मला राहवलं नाही. "एक विचारू का? तुम्हाला हेमांगी आज पास व्हायला हवी आहे की नापास?"

"नापास," त्या म्हणाल्या. गाठ मारता मारता, मानही वर न करता.

"मग दहीसाखर कशाला?"

"म्हणजे काय? परीक्षेला निघालेल्या पोरीच्या हातावर दही नको ठेवायला? मला काय वाटतं त्याचा आणि दह्याचा काय संबंध?"

मी विमा कंपनीत नोकरी करतो. कोणत्या गोष्टीत किती धोका आहे हे सांगण्याचा मला पगार मिळतो. बर्फाशी माझा संबंध गोळेवाल्यापुरता. अशा माणसाला देवाने हेमांगी दिली. ती पुण्यात एका शाळेत मुलींना खेळ शिकवते आणि हिवाळा आला की तिचे पाय शाळेत ठरत नाहीत. स्कीचे एकेक अभ्यासक्रम ती करत गेली आणि शेवटी राहिली ती प्रशिक्षक होण्याची परीक्षा. ती पास झाली, की दर हिवाळ्यात इथे येऊन दुसऱ्यांना शिकवायचं, आपल्या शाळेच्या मुलींना आणायचं, असं तिचं ठरलेलं होतं. आदल्या वर्षी त्या परीक्षेला उतरताना ती बर्फावर पडली आणि डाव्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला.

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. सासूबाई देवरुखहून आल्या, पोरीची दुकानातल्या पोत्यासारखी उचल-ठेव केली, तिचं सगळं केलं. आणि ती काठी सोडून पहिल्यांदा चालली त्या दिवशी म्हणाल्या, "आता पुरे."

"एकदाच," हेमांगी म्हणाली. "त्याच उतारावरून एकदा उतरते. उतरले तर उतरले. नाही उतरले तर परत स्कीला पाय लावणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ." आणि नुसतं बोलली नाही, हात लांब करून तिने खरोखरच आईच्या गळ्याला हात लावला.

सासूबाई खातूंच्या घरातल्या. त्यांच्याकडे अशी शपथ म्हणजे शेवटचा शब्द. ती मोडली तर जिच्या गळ्याला हात लावला तिचं काही खरं नाही, असं लहानपणापासून मनात बसलेलं. हेमांगी शिकलेली असली तरी ही शपथ ती मोडणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त. म्हणून त्या या वेळी आमच्याबरोबर आल्या. शपथेवर पहारा ठेवायला आल्यात, असं मी हेमांगीला गमतीने म्हणालो होतो. ती हसली नव्हती.

लॉजमधून निघालो तेव्हा सासूबाईंच्या अंगावर सुती साडी, आत हेमांगीची लोकरी विजार, वर माझ्या मेव्हण्याचं जॅकेट आणि पायांत भाड्याचे गमबूट होते. हातात डबा. चेअरलिफ्टवरच्या माणसाने आमच्या मांडीवर आडवी दांडी पाडली आणि म्हणाला, "संभल के माताजी. आज ऊपर शीशा है."

"शीशा म्हणजे?" खुर्ची हवेत उचलली गेल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"काच. गेल्या आठवड्यात नवीन बर्फ पडलेला नाही. दिवसा उन्हाने वितळतो, रात्री गोठतो. आता वरचा थर काचेसारखा झालाय."

"म्हणजे घसरणार."

"घसरणारच."

त्यांनी मान डोलावली. माझ्या मनात आलं, मनातून खूश झाल्या असणार. हवं होतं तसंच घडत होतं. समोर नंदादेवी इतकी स्वच्छ दिसत होती की हात लावावा, पण सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. दोन्ही हातांनी डबा धरून त्या खाली बघत होत्या.

"ती बघा," त्या अचानक म्हणाल्या.

खाली, आमच्या पायांच्या बरोबर खाली, हेमांगीचं लाल जॅकेट दिसलं. परीक्षेआधी सगळ्यांना एकदा सरावाला सोडतात, त्यातली ती होती. उन्हातल्या उतारावर ती छान वळणं घेत येत होती. मला स्कीतलं काही कळत नाही, पण चांगला हात शिवणयंत्रावर चालताना कळतो ना, तसं ते कळत होतं. मग देवदारांची सावली आली. त्या सावलीत ऊन कधी पोचत नाही आणि तिथला पट्टा नुसता चकाकत होता. आदल्या वर्षी ती पडली ती तिथेच. सावलीच्या कडेला येऊन ती थांबली.

"काय झालं?"

"विचार करत असेल."

ती पुढे निघाली. दोन हात गेली असेल नसेल, तिचं सगळं अंग डोंगराच्या बाजूला कललं, डावी स्की खालून निसटली आणि ती कुशीवर आपटून घसरत गेली. बर्फावर प्लास्टिक घासल्याचा आवाज वरपर्यंत आला. थांबली. उठली. पुन्हा तसंच कललेलं अंग, पुन्हा तसंच आपटणं. मी दांडी इतकी घट्ट धरली की हातमोज्यातून बोटं दुखायला लागली.

"अशी भिंतीला टेकल्यासारखी का उभी राहते ती?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

खुर्ची पुढे सरकली आणि लाल जॅकेट देवदारांच्या मागे गेलं.

वर लिफ्टच्या टोकाला चहा-मॅगीची एक टपरी, तिच्यापुढे तुडवून सपाट झालेलं बर्फाचं अंगण आणि दोन बाकडी होती. परीक्षेला आलेली मंडळी तिथे उभी राहून हात चोळत होती. पंवार सर त्यांचे मुख्य प्रशिक्षक. काळाकभिन्न चष्मा, ओठ उन्हाने फाटलेले, आवाज मात्र मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेट्येजी, मैडम मेरे बैच की सबसे अच्छी स्कीयर हैं. घुटना भी ठीक है, मैंने देखा है. पर डर बैठ गया है. मैंने उनका नंबर आख़िर में रखा है. एक ही बार उतरना है, बिना गिरे. ज़बरदस्ती मैं नहीं करूँगा."

तेवढ्यात हेमांगी लिफ्टने वर आली. जॅकेटच्या डाव्या बाजूला बर्फ चिकटलेला, ओठ पांढरे. तिने स्की टपरीला टेकून ठेवल्या आणि आमच्याकडे आली. मला वाटलं, आपल्याला काही म्हणेल. ती आईसमोर उभी राहिली.

"आई, झालं," ती म्हणाली. "मी नाही उतरत. शपथ पाळते मी. सरांना सांगून येते आणि खाली जाऊ."

हे एवढंच. रडली नाही, आवाज चढवला नाही. मी तिच्याशी लग्न केल्यापासून तिचा असा चेहरा पाहिलेला नव्हता. शस्त्रक्रियेला आत नेतानाही ती मला डोळा मारून गेली होती. आता त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुसलेल्या पाटीसारखा.

सासूबाई जिंकल्या होत्या. काही न करता, एक शब्द न बोलता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या डब्याचं झाकण उघडत होत्या.

"हात पुढे कर."

"आई, आता कशाला?"

"हात पुढे कर म्हटलं ना. हातमोजा काढ आधी, त्याच्यावर ठेवू काय?"

हेमांगीने हातमोजा काढला. प्रवासात दह्यावर बर्फाची साय धरली होती. चमच्याने ती फोडून सासूबाईंनी खालचं दही तिच्या तळव्यावर ठेवलं, पदराची गाठ दातांनी सोडून वर साखर घातली. हेमांगीने ते खाल्लं. दात शिवशिवले असणार, तोंड कसनुसं झालं. सासूबाईंनी तिचा हात आपल्या पदराने पुसला आणि मग बाकड्यावर आपल्या शेजारी बसवलं.

"आता सांग. तिथे सावलीत काय होतं तुझं?"

"काय सांगू? तुला नाही कळायचं."

"नाही कळलं तर नाही कळलं. सांग तर खरं."

हेमांगीने खाली बर्फाकडे बघत सांगितलं. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बर्फ कडक असला की स्कीची किनार त्यात रुतवावी लागते. ती रुतते कधी, तर अंगाचा सगळा भार उताराच्या बाजूच्या पायावर टाकला तर. म्हणजे डोंगरापासून लांब झुकायचं, दरीकडे. भीती वाटली की माणूस उलट करतो, डोंगराला चिकटायला जातो. मग भार जातो आणि स्की निसटते. मी हे दुसऱ्यांना शिकवते गं. मला पाठ आहे. पण डावा पाय खाली आला की अंग ऐकत नाही. आपोआप मागे येतं."

"म्हणजे जवळ येतेस म्हणून पडतेस."

"हो."

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. डबा माझ्या हातात दिला. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, पदर खोचला आणि उभ्या राहिल्या.

"ऊठ."

"कुठे?"

"ऊठ गो. फुगडी घालू."

मला वाटलं, उंचीवर हवा विरळ असते, कोणाकोणाच्या डोक्यावर परिणाम होतो असं वाचलं होतं, तसं काहीतरी झालं. हेमांगीलाही तेच वाटलं असावं. "आई, वेडी आहेस का? इथे? लोक बघतायत."

"गौरीच्या रात्री काय लोक नसायचे? सगळी आळी असायची. ऊठ."

इथे मला सांगायला हवं, की माझ्या सासूबाई देवरुखात फुगडीसाठी प्रसिद्ध होत्या. गौरी जागवायच्या रात्री त्यांच्याबरोबर फुगडीला उभं राहायला बायका कचरायच्या, असं सासऱ्यांनी मला सांगितलं होतं. पण ते तरुणपणी. आता त्यांना साठी उलटून गेलेली, वजन माझ्याहून चार किलो जास्तच, आणि उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरणारा.

त्यांनी हातांची कात्री केली. हेमांगीने नाइलाजाने हात दिले. दोघींनी पायाला पाय भिडवले, एकीचे जडशीळ स्कीचे बूट आणि एकीचे भाड्याचे गमबूट. खाली तुडवून गुळगुळीत झालेला बर्फ. मी डबा बाकड्यावर ठेवून दोन्ही हात पसरून उभा राहिलो, म्हणजे कोणतीही एक पडली असती तर दुसरी नक्की माझ्या अंगावर आली असती.

पहिली फेरी सुरू झाली आणि लगेच मोडली. हेमांगी कोपर वाकवून आईच्या जवळ आली, दोघी डगमगल्या, सासूबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं.

"बघ! जवळ आलीस की दोघी पडू. लांब जा. हात ताठ कर."

"तुझा गुडघा आई..."

"माझा गुडघा माझ्याजवळ आहे. तू भार टाक. सगळा टाक, मला पेलतो. नाही टाकलास तर मीच उताणी पडेन, मग बघ."

ही धमकी खरी होती. फुगडीत असंच असतं. दोघींनी मागे भार टाकला तरच दोघी उभ्या राहतात, एकीने राखून ठेवला की दुसरी पडते. सासूबाई तर आधीच मागे झुकल्या होत्या, पूर्ण. त्यांना सावरायचं असेल तर हेमांगीला दुसऱ्या बाजूला झुकावंच लागणार होतं. तिने हात ताठ केले. मान मागे गेली. पाय एकमेकांना अडले होते, त्यामुळे बर्फावरून निसटायला जागाच नव्हती.

फिरल्या. आधी हळू, मग जोरात. बुटांचा खडखडाट सुरू झाला. टपरीवाला झारा हातात घेऊन बाहेर आला. परीक्षेची मंडळी गोळा झाली आणि त्यांना हे काय आहे हे कळत नसलं तरी ठेका कळत होता, टाळ्या पडायला लागल्या. सासूबाई तोंडाने फू-फू करत होत्या. त्यांची वेणी सुटून जॅकेटच्या बाहेर आडवी उडत होती.

"आता उलटी!" त्या ओरडल्या. "उजवीकडून!"

उजवीकडून फिरायचं म्हणजे दर पावलाला डाव्या पायाने रेटावं लागतं. हेमांगीचा चेहरा बदललेला मला दिसला. तिला कळलं, आई कुठे घेऊन चालली आहे ते. एक क्षण वाटलं, हात सोडणार. नाही सोडले. तिने डावा पाय रोवला आणि रेटला. पुन्हा रेटला. दोघींचे हात दोरीसारखे ताणले गेले होते, दोघी चक्क आकाशाकडे बघत होत्या, आणि मधे ते चार पाय भोवऱ्यासारखे गरगरत होते. मी या दोघींचा, एकीचा जावई आणि एकीचा नवरा, तिथे हात पसरून खुळ्यासारखा उभा होतो. आपल्या नशिबात ही माणसं आहेत, असं मला अगदी मोठ्याने कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

थांबल्या तेव्हा सासूबाई धपकन बाकड्यावर बसल्या. श्वास लागला होता, ओठ निळसर झाले होते. टपरीवाल्याने न सांगता चहा आणून दिला. त्यांना ग्लास धरवेना, मी धरला.

हेमांगी उभीच होती. गाल लाल झाले होते. ती आईकडे बघत राहिली. मग टपरीपाशी गेली, स्की खाली टाकल्या आणि खटक खटक करत बूट अडकवले. पंवार सरांपाशी जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला विचारलंही नाही, नुसती मान हलवली.

सगळ्यांच्या शेवटी तिची पाळी आली. तोवर सासूबाईंचा श्वास जागेवर आला होता. मी त्यांना अंगणाच्या कडेला नेलं. तिथून सावलीचा पट्टा आणि त्याच्या खालचा उतार स्वच्छ दिसत होता. पण त्या उताराकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि माझ्या जॅकेटची बाही मुठीत धरली.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "मी नाही बघत."

"निघाली. वळली. पुन्हा वळली. छान चाललंय."

"सावली?"

"अजून नाही. आली आता. सावलीच्या कडेला आली..."

"थांबली?"

"नाही. थांबली नाही. आत गेली."

त्यानंतर मला बोलता येईना. लाल जॅकेट त्या चकाकत्या पट्ट्यावर आडवं गेलं, स्कीचा करकर आवाज वर आला, किनारीने बर्फ खरवडल्याचा. ती वळली. आता डावा पाय दरीकडे होता. अंग डोंगराकडे कललं नाही. ती लांब झुकली, दरीकडे. पुढच्या वळणाला डावी स्की थरथरली, जराशी निसटली, तिचा हात बर्फाला टेकला.

"बोला ना!" सासूबाई म्हणाल्या आणि गर्रकन वळल्या. हात टेकलेला त्यांनी बघितला. पण हेमांगी मागे आली नाही, तिने उलट आणखी भार टाकला, स्की पुन्हा पकडली, वळण पुरं झालं आणि ती सावलीतून उन्हात बाहेर पडली. त्याच्या पुढचं मला नीट सांगता येणार नाही, डोळ्यांत पाणी होतं. अगदी खाली, मुंगीएवढं दिसणारं लाल जॅकेट थांबलं आणि त्याने एक काठी वर केली.

मागे पंवार सर शिट्टी वाजवत होते. मंडळी ओरडत होती. कोणीतरी सासूबाईंच्या पाया पडलं.

"झाली पास," मी म्हणालो.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. त्यांनी माझी बाही सोडली आणि चुरगळली होती ती हाताने सारखी केली.

हेमांगी लिफ्टने वर आली ती पळतच. आईला मिठी मारली, स्कीच्या काठ्यांसकट. "आई, बघितलंस?"

"बघितलं की. एका वळणाला हात टेकलास."

"टेकला," हेमांगी म्हणाली आणि हसायला लागली. किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं मी.

तिला कागदपत्रांसाठी वर थांबायचं होतं. मी आणि सासूबाई लिफ्टने खाली निघालो. ऊन वर आलं होतं, बर्फ मऊ पडायला लागला होता, रिकाम्या खुर्च्या आमच्या शेजारून वर जात होत्या. मीच विषय काढला.

"आई, तुम्ही नुसत्या बाकड्यावर बसून राहिला असतात तरी तुमच्या मनासारखं झालं असतं."

"झालं असतं."

"शपथ तिने घेतली होती. तुम्हाला काही करायचंच नव्हतं."

"हो ना."

"मग?"

खाली देवदारांची सावली गेली, त्यातला तो पट्टा गेला. तो मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही तिचं तोंड बघितलंत ना, वर आली तेव्हाचं?"

"बघितलं."

"ते तोंड घेऊन ती घरी आली असती. आणि मी चार बायकांत सांगितलं असतं, आमच्या हेमूने माझं ऐकलं हो, सोडलंन ते खूळ. तिनेही हो म्हटलं असतं. ऐकून बसली असती तर मला चाललं असतं. घाबरून बसलेली कशी चालेल? जन्मभर दोघींनी एकमेकींशी खोटं बोलायचं काय?"

खाली लॉजचं छप्पर दिसायला लागलं.

"आता ही दर वर्षी येणार इथे," त्या म्हणाल्या.

"येणार. शिकवायला."

"किती दिवस?"

"महिना. दीड महिना. बर्फ असेल तसं."

"म्हणजे दर वर्षी दीड महिना मला झोप नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि समोर नंदादेवीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "असू दे. ते माझं मी बघीन. तुम्ही तिला बोलू नका."

मी बोललेलो नाही. याला आता आठ-नऊ वर्षं झाली. ज्या वर्षी बर्फ बरा पडतो त्या वर्षी हेमांगी औलीला जाते, मागच्या वेळी तर शाळेच्या मुलींची अख्खी तुकडी घेऊन गेली. आई किती बदलली, आता माझी काळजीसुद्धा करत नाही, असं ती कौतुकाने सांगते. आणि ती तिकडे असते तेव्हा रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, माझा फोन वाजतो. देवरुखहून. लेकीला त्या कधी करत नाहीत, मला करतात.

"आली का खाली?"

"आली," मी सांगतो.

"बरं," म्हणतात आणि फोन ठेवून देतात.